पुढची मूठ

सातपूरला, कंपन्यांच्या मागच्या गल्लीत
माझं एक लेथ मशिन आहे,
आणि शटरवर दोनच शब्द : जॉबवर्क घेतो.
वनखात्याची जीप थांबली
तेव्हा मी पंपाचा शाफ्ट उतरवत होतो.

गावितबाई उतरल्या. मूळच्या सुरगाण्याच्या,
खाकीच्या बाहीवर बाभळीचा ओरखडा.
टेबलावरचा कीस हाताने सारून
त्यांनी ठेवली ती, गोणपाटात गुंडाळलेली :
गोळीची नव्हे,
भुलीच्या इंजेक्शनची बंदूक.
"साहेबांनी खोकं मागवलंय.
काय बसतंय, काय नाही, बघा."

खोक्यात तीन मुठी, दोन टॉर्च,
आणि काडेपेटीएवढा एक लेझर.

पहिली मूठ उभी, नळीखाली लोंबणारी,
फोटोत मोठी रुबाबदार.
बाई म्हणाल्या, "मी काय उभ्याने मारते होय?
पत्र्यावर पालथी पडलेली असते.
ही पत्र्याला लागली की ठण्ण.
मग बसा सकाळपर्यंत."
दुसरी तिरपी. बरी होती,
पण त्यांची बोटं वळून अंगठ्याला भेटेनात.
कुणाच्या हातासाठी ओतली होती कोण जाणे.
तिसरी रबराची, नव्या टायरच्या वासाची.
त्याला वास येत असेल का हो, मी विचारलं.
"त्याला सगळं कळतं.
आपल्यालाच त्याचं काही कळत नाही."

मोठा टॉर्च लावला, शटर खाली ओढलं.
अंधारात माझं दुकान उठून उभं राहिलं :
कूलंटची बादली, देवाचं कॅलेंडर,
चहाचा कानतुटका कप,
सगळं पांढरंफटक, चोरी पकडल्यासारखं.
त्यात नळीने मान खाली घातली,
पुढे पाव किलो टांगल्यावर घालणारच.
"काढा," बाई म्हणाल्या,
"एवढा उजेड डोळ्यांत मारला
तर मीसुद्धा अंगावर जाईन कुणाच्या."

राहिला लेझर.
त्याला त्यांनी हात लावला नाही.

"दारणाकाठी ऊस तुटला तेव्हाची गोष्ट.
गोठ्यात शिरला होता. वर्ष-दीड वर्षाचा असेल, पोरगाच.
बाहेर गाव जमलेलं, काठ्या, मोबाईल, शिट्ट्या.
मी कौलं सरकवून वरून नेम धरला,
असाच एक लेझर होता, मागून आणलेला.
ठिपका आधी भिंतीवर पडला.
त्याने बघितला.
पंजा उचलून अलगद ठेवला ठिपक्यावर.
माझा हात हलला, ठिपका सरकला,
हा मागे. गव्हाणीवर चढला, घसरला, परत मागे.
बाहेर लोक मारा मारा करतायत
आणि आत हा खेळतोय, दादा."

मशिनचा पट्टा अजून फिरत होता.
मी बंद केला.

"मग?"
"मग काय. डार्ट मारावाच लागला.
पण आधी बटण बंद केलं.
खेळताना नाही मारला."

दुपारभर काम चाललं.
छोटा टॉर्च घेतला, क्लॅम्प नवा कातला, नळीच्या अंगासरशी,
काचेवर मागच्या दिवाळीच्या आकाशकंदिलाचा
उरलेला लाल जिलेटीन डकवला.
मुठीसाठी सागाचा तुकडा, अंगठ्याइतकाच लांब,
त्यावर एम-सीलचा लेप,
ओला असतानाच म्हटलं, धरा. घट्ट नको,
पत्र्यावर धराल तशी धरा.
बाई खरंच पालथ्या पडल्या,
माझ्या तेलकट फरशीवर, खाकीसकट,
आणि लेप आवळेपर्यंत श्वास लहान करून राहिल्या.

उठल्या तेव्हा मुठीत त्यांची चार बोटं होती,
करंगळीजवळ जुन्या टाक्याची रेघसुद्धा.

साहेबांना दाखवायला बिल हवं होतं.
लिहिलं : मूठ, एक नग. क्लॅम्प, एक नग. मजुरी.
लेझर परत. खोबणीत बसत नाही.

खरं तर बाई हात धुवायला गेल्या होत्या
तेव्हा मी लावून पाहिला होता.
टक्क करून बसला,
पहिल्याच दाबात.